बाराखडी बदलू पाहणारे काकासाहेब

चोर्ला घाट चढून गोव्याहून बेळगावात शिरावे आणि कपिलेश्वर मंदिराच्या बाजूने दक्षिणेकडे वळावे, की शहापूर लागते. आज ही दोन्ही गावे एकमेकांत इतकी मिसळली आहेत की सीमा कुठे संपते आणि कुठे सुरू होते हे नव्या माणसाला उमगत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र या एवढ्याशा अंतरात राज्य बदलत असे. बेळगाव इंग्रजांचे, तर शहापूर सांगलीच्या पटवर्धनांचे. विणकरांच्या मागांसाठी आणि साड्यांसाठी नाव मिळवलेल्या या पेठेत मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा एकाच रस्त्यावर नांदत होत्या. या परिसरात बालपणाचा मोठा काळ घालवलेला एक मुलगा पुढे गुजराती गद्याचा थोर लेखक झाला, गुजराती शुद्धलेखनाच्या पायाभरणीत त्याने वाटा उचलला आणि देवनागरी लिपीच्या बाराखडीलाच नवे वळण देण्याचा घाट घातला. दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर हे त्याचे पूर्ण नाव. देशाने त्यांना काकासाहेब म्हणून ओळखले.

काकासाहेबांचे चरित्र सामान्यतः गांधीजींचे सहकारी, शिक्षणतज्ज्ञ, प्रवासवर्णनकार आणि मागासवर्ग आयोगाचे अध्यक्ष अशा निरनिराळ्या कप्प्यांत सांगितले जाते. या सगळ्या कप्प्यांतून एक धागा सलग जातो, आणि तो आहे अक्षराच्या ओढीचा. अक्षर कसे शिकावे, कोणाच्या भाषेत लिहावे, ते खिळ्यांत कसे बसवावे आणि निरक्षर माणसाच्या हाती ते लवकर कसे पोचवावे, या प्रश्नांनी त्यांची आयुष्यभर पाठ सोडली नाही.

1 डिसेंबर 1885 रोजी साताऱ्यात त्यांचा जन्म झाला. घराण्याचे मूळ गाव सावंतवाडीजवळचे कालेली, त्यावरून कालेलकर हे आडनाव. बेळगावजवळच्या बेळगुंदीशीही कुटुंबाचा निकटचा संबंध होता. वडील सरकारी हिशेब खात्यात नोकरीला होते. त्यामुळे बदली होईल तिकडे बिऱ्हाड हलत असे. सातारा, कारवार, शहापूर, बेळगाव, धारवाड, सावंतवाडी, शिवाय संस्थानी मुलखातली लहानमोठी गावे, असा त्या बालपणाचा नकाशा आहे. शाळा सतत बदलत राहिल्याने अभ्यासाची घडी विस्कटली असेल. पण कान मात्र तयार झाले. घरात मराठी, कारवारच्या किनाऱ्यावर कोकणी, धारवाडकडे कन्नड. दर काही मैलांवर बोली बदलते आणि तरीही माणसांचे व्यवहार अडत नाहीत, हा धडा या मुलाला पुस्तकाच्या आधी रस्त्यानेच दिला. या दिवसांचे चित्रण त्यांनी पुढे ‘स्मरणयात्रा’ या पुस्तकात केले. मोठेपणाचा कोणताही आव न आणता लहान मुलाच्या डोळ्यांनी लिहिलेले हे पुस्तक आजही ताजे वाटते.

त्या पिढीच्या मुलांना एक नव्हे, दोन लिप्या गिरवाव्या लागत. पोथ्या आणि छापील पुस्तके बाळबोध लिपीत, म्हणजे आजच्या देवनागरीत असत. पत्रव्यवहार, खतावण्या आणि दफ्तर यांचा कारभार मोडीत चाले. मोडीत आधी आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली लेखणी शक्यतो न उचलता अक्षरे गुंफत जायची. बाळबोध हे सावकाशीचे आणि ठसठशीत, तर मोडी हे घाईचे आणि वळणदार. सीमाभागात त्यात कन्नडच्या गोलसर अक्षरांची भर पडे. एकच ध्वनी तीन वेगळ्या आकृत्यांत बसू शकतो, हे या भागातल्या मुलाला कोणी मुद्दाम शिकवावे लागत नव्हते. लिपी ही देवाने दिलेली अचल वस्तू नसून माणसाने आपल्या सोयीसाठी घडवलेले साधन आहे, ही काकासाहेबांची पुढची धारणा अशा मातीत रुजणे स्वाभाविक होते.

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून 1907 मध्ये तत्त्वज्ञान विषय घेऊन ते पदवीधर झाले. वंगभंगानंतरचा तो धगधगता काळ होता. कायद्याचा अभ्यास सुरू करून त्यांनी तो सोडला आणि बेळगावच्या गणेश विद्यालयात मुख्याध्यापकाचे काम पत्करले. सरकारी शाळांना पर्याय म्हणून निघालेल्या राष्ट्रीय शाळांपैकी ती एक होती. तेथून ते मुंबईच्या ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकात गेले आणि मग बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिक्षक झाले. या विद्यालयात शिक्षकांना घरच्या नात्याने हाक मारण्याची प्रथा होती. कोणी अण्णा, कोणी मामा, तर कालेलकर झाले काका. सरकारी रोषामुळे विद्यालय लवकरच बंद पडले, पण ते नाव कायमचे चिकटले. विशीच्या उंबरठ्यावर मराठी शाळा आणि मराठी दैनिक यांत रमलेला हा तरुण बडोद्याच्या वाटेने नकळत दुसऱ्या भाषेच्या अंगणात येऊन पोचला होता.

विद्यालय बंद पडल्यावर 1912 मध्ये त्यांनी हिमालयाची वाट धरली आणि तो प्रदेश पायी पालथा घातला. तेथून परतल्यावर रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात ते शिकवू लागले. दक्षिण आफ्रिकेतून गांधीजींच्या आधी भारतात आलेली फिनिक्स आश्रमाची मंडळी त्याच वेळी तेथे उतरली होती. 1915 च्या आरंभी गांधीजी स्वतः शांतिनिकेतनात आले आणि काकासाहेबांच्या आयुष्याची दिशा ठरून गेली. साबरमतीच्या आश्रमात ते शिक्षक म्हणून दाखल झाले.

त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत काँग्रेसचे अधिवेशन भरले होते, तेव्हाची एक आठवण काकासाहेबांनी नोंदवून ठेवली आहे. गांधीजी आपल्या बैठकीपाशी काहीतरी शोधत होते. विचारल्यावर कळले की एक छोटी पेन्सिल हरवली आहे. त्यांचा वेळ वाचावा म्हणून काकासाहेबांनी आपली पेन्सिल पुढे केली. ती गांधीजींनी घेतली नाही. हरवलेली पेन्सिल मद्रासच्या नटेसन यांच्या लहान मुलाने मोठ्या प्रेमाने दिली होती, ती हरवून कसे चालेल, हा त्यांचा प्रश्न होता. दोघांनी मिळून शोध घेतला आणि जेमतेम दोन इंच उरलेला तो तुकडा अखेर सापडला, तेव्हाच गांधीजींचा जीव शांत झाला. काकासाहेबांनी ही आठवण जपली, कारण लिहिण्याच्या साधनामागे एक माणूस उभा असतो ही जाणीव त्यांनाही होती.

आपले हस्ताक्षर वाईट असल्याची खंत गांधीजींनी आत्मकथेत व्यक्त केली आहे. सुंदर अक्षर हा शिक्षणाचा आवश्यक भाग आहे आणि मुलांना अक्षरे गिरवायला लावण्याआधी चित्रकला शिकवावी, म्हणजे ती अक्षरेही चित्रासारखी पाहून काढतील, असे त्यांचे मत बनले होते. आश्रमातील शिक्षक या नात्याने काकासाहेब या विचारांच्या सान्निध्यात वावरत होते. आश्रमात हस्तलिखित मासिक निघत असे. छापखान्याचा खर्च नाही, खपाची चिंता नाही. लिहायचे, सुवाच्य अक्षरांत उतरवायचे आणि हातोहात फिरवायचे. याच हस्तलिखितासाठी काकासाहेबांनी आपल्या हिमालययात्रेची वर्णने गुजरातीत लिहायला घेतली. वाचक म्हणजे आश्रमातली मुले आणि सोबती. त्यामुळे भाषेत पांडित्याला वाव नव्हता. 1924 मध्ये ‘हिमालयनो प्रवास’ हे पुस्तक निघाले, आणि गुजराती प्रवासवर्णनाचा मानदंड म्हणून आजही त्याचेच नाव प्रथम घेतले जाते. मराठी घरात वाढलेल्या माणसाने तिशी उलटल्यावर आत्मसात केलेल्या भाषेत हे घडावे, याचे आश्चर्य गुजराती रसिकांनाही वाटत आले आहे.

1922 मध्ये गांधीजींना अटक झाली, तेव्हा ‘नवजीवन’ या गुजराती साप्ताहिकाच्या संपादनाची जबाबदारी काकासाहेबांकडे आली. तेथील लेखनाबद्दल त्यांना वर्षभराची शिक्षा झाली. साबरमतीच्या तुरुंगात त्यांनी झाडे, पाखरे, मुंग्या आणि माकडे न्याहाळली आणि त्यातून ‘ओतराती दीवालो’ हे छोटेखानी पुस्तक उभे राहिले. तुरुंगाच्या चार भिंतींचे पुस्तक असूनही त्यात कडवटपणाचा लवलेश नाही. नंतर नद्यांवरचे लेख आले, ‘जीवनलीला’ आले, ‘रखडवानो आनंद’ आले. नदीला लोकमाता मानून तिच्याशी बोलणारे हे गद्य गुजरातच्या शाळकरी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी क्रमिक पुस्तकांतून वाचले.

गुजरातीत तोवर एकच शब्द दहा जण दहा प्रकारे लिहीत होते. ऱ्हस्व की दीर्घ, जोडाक्षर कसे, परभाषेतले शब्द कसे, याला सर्वमान्य नियम नव्हता. ही अराजकता गांधीजींना सलत होती, आणि नियम ठरवण्याचे काम त्यांनी सोपवले ते काकासाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांवर. गुजरात विद्यापीठाने 1929 मध्ये जोडणीकोश प्रसिद्ध केला. यापुढे मनाला येईल तसे शुद्धलेखन करण्याचा हक्क कोणालाही उरला नाही, असा निर्वाळा गांधीजींनी दिला, आणि गुजरातीचे प्रमाणलेखन त्या कोशावर स्थिरावले. परभाषक माणसाने एखाद्या भाषेत उत्तम लिहिल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. पण त्या भाषेने आपले शुद्धलेखन ठरवण्याच्या कामात त्यालाच पुढे बसवावे, हे क्वचितच घडते. गांधीजींनी त्यांना सवाई गुजराती म्हटले ते उगाच नव्हे. पुढे 1959 मध्ये गुजराती साहित्य परिषदेचे अध्यक्षपद आणि 1965 मध्ये ‘जीवनव्यवस्था’ या गुजराती लेखसंग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार, अशी त्या भाषेने त्यांच्या ऋणाची नोंद ठेवली.

या गौरवाची दुसरी बाजू मराठी वाचकाला बोचणारी आहे. काकासाहेबांचे उत्तम लेखन मराठीला प्रामुख्याने अनुवादातून मिळाले. मायबोलीकडे त्यांनी पाठ फिरवली होती असे मात्र नाही. रवींद्रनाथांविषयी, सणव्रतांविषयी, देशदर्शनाविषयी त्यांनी मराठीत लिहिले. सविनय कायदेभंगाच्या काळात ते बेळगावजवळच्या हिंडलगा तुरुंगात होते, आणि तेथील वास्तव्याशी निगडित असलेल्या त्यांच्या मराठी पुस्तकाचे नावच ‘हिंडलग्याचा प्रसाद’ असे आहे. ज्या मुलखात बालपण गेले, त्याच मुलखात राजबंदी म्हणून परतावे आणि त्या बंदिवासाला प्रसाद म्हणावे, यात त्यांची वृत्ती दिसते. तरीही मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना गुजरातीइतके मध्यवर्ती स्थान नाही. आपली लेखणी त्यांनी ज्या समाजात काम केले त्या समाजाच्या स्वाधीन केली. त्याची किंमत त्यांच्या मायबोलीला मोजावी लागली.

गुजरातीची घडी बसवून झाल्यावर त्यांचे लक्ष देवनागरीकडे वळले. 1935 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इंदूरला हिंदी साहित्य संमेलन भरले आणि त्यातून नागरी लिपी सुधार समिती आकाराला आली. तिची धुरा काकासाहेबांकडे होती. प्रश्न तातडीचा होता. इंग्रजी छापायला सव्वीस अक्षरे, त्यांची लहानमोठी रूपे आणि थोडी चिन्हे पुरत. देवनागरीत स्वर, व्यंजने, वरखालच्या मात्रा, रफार आणि असंख्य जोडाक्षरे यांमुळे जुळाऱ्याच्या पुढ्यात शेकडो खणांची चौकट मांडावी लागे. एकेक खिळा हाताने उचलून ओळ बांधायची. काम सावकाश, चुका फार, खर्च मोठा. टंकलेखन यंत्राच्या मोजक्या कळांवर तर ही लिपी बसेच ना. लोकमान्य टिळकांनीही ‘केसरी’साठी खिळ्यांची संख्या घटवण्याचा विचार पूर्वी केला होता. स्वराज्याचा कारभार स्वभाषेत चालवायचा, तर आधी यंत्राला स्वभाषा लिहिता आली पाहिजे, हे उघड होते.

समितीची सर्वात गाजलेली सूचना ‘अ’च्या बाराखडीची होती. तिच्यामागचा तर्क शाळकरी मुलालाही पटेल असा आहे. आपण ‘ओ’ आणि ‘औ’ लिहिताना ‘अ’लाच काना आणि मात्रा जोडतो, ‘अं’ आणि ‘अः’ लिहिताना त्यालाच अनुस्वार आणि विसर्ग देतो. मग ‘इ’, ‘ई’, ‘उ’, ‘ऊ’, ‘ए’, ‘ऐ’ यांच्यासाठी वेगळ्या आकृत्या कशाला? तेथेही ‘अि’, ‘अी’, ‘अु’, ‘अू’, ‘अे’, ‘अै’ असे लिहिले तर ‘क’च्या आणि ‘अ’च्या बाराखडीचा साचा एकच होतो. शिकणाऱ्याचे सहा आकार वाचतात आणि छापणाऱ्याचे सहा खिळे. त्याखेरीज हाताने लिहिताना शिरोरेषा ऐच्छिक मानावी, ‘र’ आणि ‘व’ असा भास देणाऱ्या ‘ख’ला निःसंदिग्ध रूप द्यावे, शिरोरेषा काढल्यावर ‘घ’शी गोंधळ होणारा ‘ध’ आणि ‘म’शी गोंधळ होणारा ‘भ’ यांना गुजरातीप्रमाणे गाठ द्यावी, अशाही सूचना होत्या. शिरोरेषेविना चालणारी गुजराती लिपी काकासाहेबांच्या रोजच्या हातवळणाची झाली होती. त्या अनुभवाचा ठसा या सूचनांवर दिसतो.

महाराष्ट्रात याच बाराखडीचा पुरस्कार रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत असताना विनायक दामोदर सावरकर करत होते. राजकारणात एकमेकांच्या विरुद्ध टोकांना उभे असलेले हे दोन विचारप्रवाह ‘अि’ या अक्षरापाशी येऊन भेटले, ही मराठीच्या इतिहासातली मोठी विलक्षण गोष्ट आहे. शंकरराव किर्लोस्करांच्या मासिकांनी ही बाराखडी काही काळ वापरली, आणि विनोबांनी आपल्या लोकनागरीत तिचा अंगीकार केला. जगातही तेव्हा लिप्यांची उलथापालथ चालू होती. तुर्कस्तानाने 1928 मध्ये अरबी वळणाची लिपी टाकून रोमन लिपी घेतली होती. त्याच धर्तीवर भारतानेही रोमन लिपी स्वीकारावी, असा विचार सुभाषचंद्र बोस यांनी 1938 च्या हरिपुरा अधिवेशनात मांडला. काकासाहेबांचा मार्ग वेगळा होता. घर जुने झाले म्हणून ते सोडून जायचे नाही, डागडुजी करून त्यातच राहायचे, असा तो मार्ग होता.

ही डागडुजी लोकांनी मान्य केली नाही. संयुक्त प्रांताच्या सरकारने 1947 मध्ये नेमलेल्या आचार्य नरेंद्र देव समितीने ‘अ’ची बाराखडी नाकारली. इ आणि उ हे स्वतंत्र स्वर आहेत, ते अ चे विकार नव्हेत, हा शास्त्रीय आक्षेप होताच. 1953 मध्ये लखनौला सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली मुख्यमंत्र्यांची परिषद भरली. तिने ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे देण्याचे ठरवले, पण तीही सुधारणा चार वर्षांत मागे घ्यावी लागली. समित्यांनी केलेल्या तर्कांपेक्षा वाचकांच्या डोळ्यांची सवय बलवत्तर ठरली. ‘ईश्वर’ या शब्दातला ‘ई’ हा भाविकाला केवळ ध्वनीचे चिन्ह वाटत नाही. आजीच्या पोथीपासून देवळाच्या पाटीपर्यंत त्याने पाहिलेले ते रूप असते. ‘अीश्वर’ वाचताना त्याला परक्या दारात उभे असल्यासारखे वाटते. अक्षरांवर एवढे प्रेम करणाऱ्या काकासाहेबांच्या हिशेबात हे दुसरे प्रेम पुरेसे धरले गेले नव्हते. त्यांनी अक्षरात शिकणाऱ्याचे कष्ट पाहिले. शिकून झालेल्याची माया त्यांना कमी दिसली.

स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये हिंदी लघुलेखन आणि टंकलेखन यांचा विचार करण्यासाठी समिती नेमली गेली, तिचेही अध्यक्ष काकासाहेबच होते. कोणत्या कळेवर कोणते अक्षर असावे, कोणती अक्षरे वारंवार लागतात, कोणत्या बोटाला किती काम पडावे, अशा रुक्ष वाटणाऱ्या प्रश्नांत नद्यांवर लिहिणारा हा ललित लेखक शिरला. त्याला हे काम हलके वाटले नाही. लिपीच्या बाबतीत त्यांची दृष्टी आपपरभावाची नव्हती. गांधीजींच्या हिंदुस्तानी प्रचाराच्या कार्यात नागरी आणि उर्दू या दोन्ही लिप्या शिकण्याचा आग्रह होता, आणि त्या कार्याची मोठी जबाबदारी काकासाहेबांनी वाहिली. नागरीचा अभिमान बाळगण्यासाठी दुसऱ्या लिपीचा दुस्वास करावा लागतो, हे त्यांना कधीच मान्य झाले नाही.

लिपीचा एवढा ध्यास घेतलेल्या या माणसाचे उत्तरायुष्यातले पुष्कळसे लेखन मात्र त्यांनी सांगावे आणि सोबत्याने उतरवून घ्यावे अशा रीतीने झाले. त्यांच्या गद्यातला मोकळा, समोरच्याशी बोलावे तसा सूर यातूनही आला असावा. पण शब्द कागदावर उतरला की त्याचे परिणाम बोलण्यापेक्षा दूरवर जातात, याचा अनुभव त्यांना 1955 मध्ये आला. 1953 मध्ये नेमलेल्या पहिल्या मागासवर्ग आयोगाचे ते अध्यक्ष होते. दोन वर्षांच्या कामानंतर आयोगाने 2,399 जाती आणि समूहांची यादी असलेला अहवाल सिद्ध केला. तो राष्ट्रपतींना सादर करताना काकासाहेबांनी सोबत एक दीर्घ पत्र जोडले आणि जातीच्या आधारावर मागासलेपण ठरवण्याच्या आपल्याच आयोगाच्या भूमिकेशी मतभेद नोंदवला. अहवाल स्वीकारला गेला नाही. सदसद्विवेकाला स्मरून त्यांनी ते लिहिले असे काहींना वाटते. वंचितांच्या हाती आलेली संधी त्या पत्राने दुरावली, असे इतरांचे म्हणणे आहे. दोन्ही पक्षांना त्या पत्राचे वजन मात्र मान्य करावे लागते.

वयाची सत्तरी जवळ आली असताना काकासाहेबांना जपानची ओढ लागली. फुजी गुरुजी या बौद्ध भिक्षूंशी त्यांचा स्नेह होता, त्या निमित्ताने ते जपानला अनेकदा गेले आणि ‘उगमणो देश’ हे पुस्तक त्यांनी लिहिले. लिपीचा विचार करणाऱ्याला तो देश म्हणजे जिवंत शाळाच. जपानात कुंचल्याने अक्षर काढणे ही साधना मानली जाते. तेथे ‘गो’ हा पटावरचा खेळ व्यवसाय म्हणून खेळणारे नामवंत खेळाडूही पंख्यावर कुंचल्याने एखादे वचन लिहून चाहत्यांना देतात, आणि त्या अक्षरात चाहते खेळाडूचा स्वभाव वाचतात. याच देशाने 1946 मध्ये रोजच्या वापरासाठी 1,850 चित्राक्षरांची मर्यादित यादी ठरवली आणि कित्येक अक्षरांची रूपे सोपी केली. अक्षराला कला मानणे आणि शिकणाऱ्यासाठी अक्षराचा भार हलका करणे, या दोन गोष्टी एका समाजात एकत्र नांदू शकतात, याचे हे उदाहरण होते. आपल्याकडे काकासाहेबांच्या वाट्याला तो समतोल आला नाही.

गोव्याशी त्यांचा धागा रवींद्र केळेकरांच्या रूपाने जुळलेला आहे. 1949 मध्ये केळेकर वर्ध्याला काकासाहेबांपाशी गेले आणि काही वर्षे त्यांच्या सहवासात राहिले. जो गुरू स्वतः मायबोली सोडून गुजरातीत रमला, त्याच्याकडून परतलेल्या शिष्याने कोकणीत लिहिण्याचे व्रत घेतले आणि पुढे ज्ञानपीठ पुरस्कारापर्यंत मजल मारली. वरवर पाहता हा विरोधाभास वाटेल. मुळात दोघांचा धडा एकच होता: ज्या माणसांसाठी लिहायचे, त्यांच्या भाषेत लिहायचे. काकासाहेबांची माणसे साबरमतीच्या काठी होती, केळेकरांची मांडवी आणि झुआरीच्या काठी.

1952 ते 1964 या काळात काकासाहेब राज्यसभेचे सदस्य होते. 1964 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. दिल्लीत राजघाटाजवळच्या ‘सन्निधी’त त्यांची अखेरची वर्षे गेली आणि 21 ऑगस्ट 1981 रोजी, पंचाण्णवव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. ज्या अडचणीपायी त्यांनी बाराखडी बदलू पाहिली, ती अडचण पुढे संगणकाने परस्पर सोडवली. आज मोबाइलवर कितीही गुंतागुंतीचे जोडाक्षर क्षणात उमटते, खिळ्यांचे खण भंगारात गेले आणि ‘अि’ लिहिणारा कोणी उरला नाही. तरीही ‘बॅट’ लिहिताना ‘बॅ’ आणि ‘ॲप’ लिहिताना ‘ॲ’ असे आपण सहज लिहितो, तेव्हा ‘अ’वरच चंद्र ठेवून नवा स्वर घडवण्याची तीच रीत आपण नकळत पाळत असतो.

सीमाभागात आज लिपी म्हटली की पाटीचा वाद आठवतो. कोणत्या फलकावर कोणती अक्षरे वर असावीत आणि कोणती खाली, यावरून गावांची मने दुभंगतात, आणि मराठी माणसाच्या मनातली भाषेची सल खोटी नाही. अशा वेळी याच मातीत वाढलेल्या काकासाहेबांचे स्मरण अवघड असले तरी उपयोगी आहे. त्यांची सुधारणा हरली, त्यांचे काही निर्णय वादग्रस्त ठरले आणि मराठीने त्यांना थोडे दूरचेच मानले. पण अक्षर हे आधी शिकणाऱ्याचे असते आणि मग अभिमानाचे, हा क्रम त्यांनी कधी उलटा होऊ दिला नाही. मराठी शाळेत पहिल्यांदा पाटी हातात घेणाऱ्या मुलाकडे पाहताना हा क्रम आठवला, तरी शहापूरच्या या अक्षरवेड्या माणसाचे पुष्कळसे ऋण फिटेल.